वळण आलं की गाडी रूळ सोडते: माथेरानच्या छोट्या गाडीचं संगणकीय मॉडेल आणि नेहमीचा एक त्रास

सरळ रुळावर गाडी झकास धावते. चाकं फिरतात, दांडे हलतात, धूरही ठीकठाक निघतो. वळण आलं की सगळं बिघडतं. एक चाक रुळाच्या बाहेर, दुसरं आत, डबा केळ्यासारखा वाकलेला आणि इंजिनाचं पुढचं चाक त्याच्याच फ्रेममध्ये घुसलेलं. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॅरोगेजच्या गाड्या उभ्या करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. एका गाडीपुरती ती मिटते आणि पुढच्या गाडीला पुन्हा उभी राहते. ब्रॉडगेजची मॉडेलं करणारे बऱ्याचदा सुटतात. चूक त्यांच्याकडेही तीच असते, पण वळणं मोठ्या त्रिज्येची असल्यामुळे ती डोळ्यांत भरत नाही.

उदाहरणाला नेरळ-माथेरानची गाडी घेतो, कारण हा त्रास तिच्याइतका उघडा कुठेच पडत नाही. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला. पैसा वडील सर आदमजी पीरभॉय यांचा, खर्च सुमारे १६ लाख रुपये. गेज दोन फूट, म्हणजे ६१० मि.मी. जास्तीत जास्त चढ २० ला १. मार्गाची लांबी साधारण २१ किलोमीटर, पण नेरळ आणि माथेरान यांच्यातलं हवाई अंतर ७ किलोमीटरच्या आसपासच आहे. उरलेले किलोमीटर गाडी डोंगराला वळसे घालण्यात घालवते. सरळ रुळावर तपासलेलं मॉडेल इथे आणून ठेवलं तर ते टिकणार कसं?

दुरुस्तीची एकच गोष्ट आहे आणि पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. गाडी रुळावर बसवायची नसते. चाकं रुळावर बसवायची आणि गाडी चाकांवर. आपण नेमकं उलटं करतो: अख्खा डबा एक वस्तू म्हणून मार्गाला बांधतो आणि चाकं आपोआप रुळावर येतील अशी आशा धरतो.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

काहीही बदलण्याआधी गाडी तीन ठिकाणी नेऊन थांबवा: सरळ सपाट रुळावर, सपाट वळणावर आणि चढत्या वळणावर. सरळ रुळावरच चाकं रुळात रुतलेली असतील तर दोष गेजचा किंवा मापांचा आहे, वळणाला बोल लावू नका. सरळ ठीक आणि वळणावर चूक असेल तर गाडी बांधण्याची पद्धत चुकली आहे. सपाट वळणावर ठीक, पण चढत्या वळणावर रूळच एका बाजूला कलंडलेले दिसत असतील तर कर्व्हचा, म्हणजे मार्गाच्या वक्ररेषेचा, पीळ बिघडलाय. आणि गाडी सगळीकडेच, अगदी सरळ रुळावरही, थरथरत असेल, तर तो रुळाचा प्रश्नच नाही, आकड्यांचा आहे. हे चारही दोष दिसायला ‘गाडी रूळ सोडते’ असेच दिसतात, म्हणून लोक भलत्याच ठिकाणी औषध लावत बसतात.

गेज कुठून कुठे मोजायचं

हे लवकर आटपतं. गेज म्हणजे दोन रुळांच्या डोक्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर. रुळांच्या मध्यरेषांमधलं नव्हे. मार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे ३०५ मि.मी. अंतरावर कर्व्ह ठेवून त्यावर रुळाचा आडवा छेद चढवला, की डोक्याची निम्मी-निम्मी रुंदी आत येते. डोकं ४५ मि.मी. रुंद धरलं तर गेज ५६५ उरतं आणि बरोबर बनवलेली चाकं रुळांत घुसतात. मग लोक चाकं बारीक करतात आणि पुढे प्रत्येक गाडीला तोच उद्योग मागे लागतो. केंद्र ते केंद्र ६५५ ठेवा, विषय संपला.

दुसरी गल्लत म्हणजे ६१० आणि ७६२ ची मिसळ. माथेरान आणि दार्जिलिंग दोन फुटांचे, बार्शी लाइट रेल्वे आणि यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मि.मी. बार्शीची म्हणून जमवलेली बोगी (अख्खा डबा नव्हे, त्याच्या खालची चाकांची चौकट) माथेरानच्या डब्याखाली लावली की दोन्ही बाजूंना ७६ मि.मी. जास्तीचे राहतात. संपूर्ण बोगी आक्रसून ६१० ला बसवणं ही त्याहून वाईट युक्ती, कारण चाकाचा व्यास, आसाची पेटी, स्प्रिंग सगळंच त्या प्रमाणात लहान होतं आणि जाणकाराला ते एका नजरेत कळतं.

खऱ्या रेल्वेत तीव्र वळणावर गेज थोडं मोकळं ठेवतात, म्हणजे चाकांच्या कडा आवळत नाहीत. मॉडेलमध्ये वळणापुरते चार-सहा मिलिमीटर सोडलेत तर अगदी जवळून घेतलेल्या चित्रात जागा खरी वाटते. लांबच्या दृश्यात त्याचा काही उपयोग नाही.

डबा: कंस आणि जीवा

आता मुख्य दुखणं. डब्याला कर्व्ह मॉडिफायर लावला की डबा वळणाबरोबर वाकतो, कारण त्या मॉडिफायरचं कामच वाकवण्याचं आहे. रुळासाठी तो ठीक, लाकूड-लोखंडाच्या डब्यासाठी अजिबात नाही. तो काढून फॉलो पाथ कन्स्ट्रेंट (वस्तूला मार्गावरून चालवणारं बंधन) लावला तर डबा वाकत नाही, पण एका बिंदूपाशी वळणाला स्पर्शिका होऊन उभा राहतो, आणि मग दोन्ही टोकांची चाकं रुळाच्या बाहेर जातात. शाळेतली भूमिती आठवा. वळण हा कंस आहे. डबा त्या कंसाची जीवा आहे, स्पर्शिका नाही. जीवा कंसाला दोन ठिकाणी छेदते, आणि ती दोन ठिकाणं म्हणजे दोन बोगींची केंद्रं.

हिशोब सोपा राहावा म्हणून वळणाची त्रिज्या २० मीटर, डब्याची लांबी ८ मीटर आणि बोगींच्या केंद्रांमधलं अंतर ५ मीटर धरू. डब्याचा मध्य रुळाच्या मध्यरेषेपासून वळणाच्या आतल्या बाजूला किती सरकेल? ५ चा वर्ग भागिले ८ गुणिले २०, म्हणजे ०.१५६ मीटर. जवळजवळ १६ सेंटिमीटर. टोकं बाहेरच्या बाजूला किती झुकतील? ८ च्या वर्गातून ५ चा वर्ग वजा करून पुन्हा १६० ने भागा: २४ सेंटिमीटर. गेजच मुळात ६१ सेंटिमीटर असलेल्या गाडीत हे आकडे प्रचंड आहेत. रस्त्यावरच्या बाईकस्वारानं जुम्मापट्टी स्टेशनच्या पुढच्या वळणावर टिपलेला कुठलाही फोटो बघा, डब्याची कड रुळापासून कशी लोंबते ते दिसेल. मॉडेल खोटं वाटतं ते बहुतेक वेळा हे लोंबणं नसल्यामुळे. रंग, गंज, धूर यांवर महिने घालवणारे कलाकार इथे घसरतात.

जोडणी अशी करा. प्रत्येक बोगीसाठी एक एम्प्टी (आकार नसलेली, फक्त जागा आणि दिशा धरणारी वस्तू) घ्या आणि तिला मार्गावर फॉलो पाथ लावा, ‘फॉलो कर्व्ह’ चालू ठेवून. बोगी त्या एम्प्टीचं लेकरू (चाइल्ड), म्हणजे तिच्याबरोबर हलणारी. डब्याला मात्र फॉलो पाथ लावूच नका. डब्याचा ओरिजिन पुढच्या बोगीच्या केंद्रावर आणा, त्याला कॉपी लोकेशननं पुढच्या एम्प्टीला बांधा, आणि ट्रॅक टू कन्स्ट्रेंटनं मागच्या एम्प्टीकडे तोंड करायला सांगा, वरची दिशा झेड ठेवून. इतकंच. डबा सरळच राहतो, बोगी आपापल्या जागी वळतात. वळणात शिरताना आधी पुढची बोगी वळते आणि मग डबा हळूच मागोमाग येतो. ही हालचाल हातानं कीफ्रेम टाकून कधीच इतकी खरी येत नाही.

इथे एक जण नक्की विचारेल: मागचा एम्प्टी मार्गावर ५ मीटर मागे ठेवला, पण ते अंतर कंसावरचं आहे, सरळ रेषेतलं नव्हे, मग फरक पडणार नाही का? पडतो, १३ मिलिमीटर. ५ मीटरच्या कंसाची जीवा २० मीटर त्रिज्येवर ४.९८७ मीटर येते. मागची बोगी डब्याखाली १३ मिलिमीटर पुढे सरकते. बोगी चौकटीच्या सावलीत असते, कोणाला दिसत नाही. सोडून द्या.

जे दिसतं ते वेगळंच. डब्यांमधलं अंतर काल बरोबर होतं, आज रूळ पुढे वाढवले आणि सगळे डबे एकमेकांपासून दूर गेले, ही तक्रार कायम येते. कारण साधं आहे. फॉलो पाथमध्ये ‘फिक्स्ड पोझिशन’ निवडल्यावर जो आकडा देतो तो ० ते १ मधला असतो, म्हणजे एकूण लांबीचा हिस्सा. मार्ग लांब झाला की तेवढ्याच हिश्शात जास्त मीटर येतात. डोळ्यांनी अंदाज घेऊन आकडे टाकलेत तर प्रत्येक बदलाला पुन्हा बसावं लागेल. त्याऐवजी संपूर्ण गाडीसाठी ‘अंतर’ नावाचा एकच कस्टम गुणधर्म ठेवा, मीटरमध्ये. प्रत्येक एम्प्टीच्या आकड्याला ड्रायव्हर (सूत्रावरून आकडा काढणारी सोय) लावा: अंतर वजा त्या बोगीचं मागेपण, भागिले मार्गाची एकूण लांबी. लांबी जिऑमेट्री नोड्समधल्या कर्व्ह लेंग्थ नोडवरून मिळते. नोड्सची सवय असेल तर सॅम्पल कर्व्ह नोड लांबीच्या पद्धतीवर ठेवून थेट मीटरमध्येच जागा काढता येते आणि भागाकारच उरत नाही. चाकांचं फिरणंही याच ‘अंतर’ला बांधा: कोन म्हणजे अंतर भागिले त्रिज्या. त्रिज्या चाक रुळावर जिथे टेकतं तिथली घ्या, कडेची नको. कडेची घेतलीत तर चाक घसरत चालल्यासारखं दिसतं.

दोन डब्यांमधल्या जोडकड्याही लक्षात ठेवा. दोन्ही टोकं २४-२४ सेंटिमीटर बाहेर झुकतात आणि त्यांच्यात कोनही होतो. डब्याला घट्ट पॅरेंट केलेली कडी शेजारच्या डब्याच्या बफरात घुसणार. कडीला स्वतःचा एम्प्टी द्या आणि शेजारच्या कडीकडे तोंड करायला लावा.

स्थिर चित्र काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे, त्यांना कन्स्ट्रेंटची कटकट नाही इतकंच. वळणाचे रूळ यथार्थदर्शनात काढून झाले की त्यावर बोगींचे दोन बिंदू टाका, ते सरळ रेषेनं जोडा आणि डब्याची पेटी त्या रेषेवर उभी करा. आधी डबा काढून मग खाली रूळ जुळवायला गेलात तर जन्मभर जुळणार नाही.

इंजिन: इथे खरी मजा आहे

डब्याचा उपाय इंजिनाला जसाच्या तसा चालत नाही. डब्याला दोन आधार असतात, म्हणून जीवा ठरते. माथेरानच्या वाफेच्या इंजिनांना तीन आस होते, सहा चाकं, सगळी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. तीन बिंदू एका सरळ फ्रेममध्ये आणि तिन्ही कंसावर, हे भूमितीत होत नाही. दार्जिलिंगच्या बी क्लास इंजिनांना हा प्रश्नच नव्हता, तिथे दोनच आस. म्हणून दार्जिलिंगचं इंजिन पाहून शिकलेली रिग (हलत्या भागांची जोडणी) माथेरानला लावली की मधलं चाक किंवा टोकाची चाकं रुळाबाहेर जातात, आणि माणूस कन्स्ट्रेंटच्या यादीत चूक शोधत बसतो.

पुन्हा आकडे. पहिल्या आणि तिसऱ्या आसामध्ये २ मीटर धरा. मधला आस वळणावर बरोबर बसवला, तर टोकाचे आस त्याच्यापासून १-१ मीटरवर, आणि तिथे रूळ फ्रेमच्या रेषेपासून २५ मि.मी. आत गेलेला असतो. शिवाय त्या जागी रुळाची दिशा जवळजवळ ३ अंशांनी बदललेली असते. खऱ्या इंजिनातही हा प्रश्न होताच. पोलादाला तो सॉफ्टवेअरपेक्षा जास्त बोचतो.

बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीनं माथेरानसाठी जी चार इंजिनं बांधली, ७३८ ते ७४१ क्रमांकांची, त्यांत याचं उत्तर होतं: क्लीन-लिंडनर आस. क्लीन आणि लिंडनर हे सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेचे अभियंते. त्यांची युक्ती अशी की टोकाचा आस दुहेरी असतो. आतला भरीव आस फ्रेमच्या बेअरिंगमध्ये नेहमीसारखा बसतो आणि त्याच्या टोकांना क्रॅंक असतात. त्याच्याभोवती एक पोकळ आस, आणि चाकं त्या पोकळ आसावर. दोन्ही आस मध्यभागी गोलाकार सांध्यानं जोडलेले. आतला आस पोकळ आसाला फिरवतो, पण पोकळ आस चाकांसकट थोडा तिरपा होऊ शकतो आणि बाजूलाही सरकू शकतो. भरीव आस मात्र जागचे हलत नाहीत, एकमेकांना समांतरच राहतात, त्यामुळे दांड्यांच्या लांबीला धक्का लागत नाही. चाकं वळतात आणि दांड्यांना पत्ताच नसतो! या रचनेला फ्रेम चाकांच्या बाहेर असावी लागते, म्हणून क्रॅंक बाहेर लोंबताना दिसतात.

मॉडेल करणाऱ्याला यापेक्षा सोयीची यंत्रणा मिळणार नाही, कारण रिग तिच्याच रचनेवरून पडते. मार्गावर तीन एम्प्टी ठेवा, १-१ मीटरच्या अंतरानं. फ्रेम, बॉयलर, टाक्या, सिलिंडर, क्रॅंक, दांडे हे सगळं मधल्या एम्प्टीची लेकरं. पहिली आणि तिसरी चाकजोडी आपापल्या एम्प्टीची लेकरं. फिरण्याचा कोन तिन्ही जोड्यांना आणि तिन्ही क्रॅंकना तोच, ‘अंतर’वरून आलेला. झालं. वळणावर टोकाची चाकं आपोआप ३ अंश तिरपी होतात, २५ मि.मी. आत सरकतात, आणि दांडे फ्रेमला समांतर सरळ चालत राहतात. दांड्याला फिरण्याचा कोन द्यायचा नाही, फक्त क्रॅंकपिनच्या जागेमागे न्यायचं. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रॅंकमध्ये ९० अंशांचा फरक ठेवा. हा फरक विसरलेली मॉडेलं इतकी आहेत की आता ते पाहून वाईट वाटायचंही थांबलंय.

याउपर चाक फ्रेमला घासतंय असं दिसलं तर चाकं बारीक करू नका. फ्रेमच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर तपासा. चाकांच्या बाहेरून दोन्हीकडे २५ मि.मी.पेक्षा जास्त मोकळी जागा नसेल तर फ्रेम चुकीच्या मापाची बनली आहे.

ही इंजिनं १९८२ पर्यंत नेरळहून वर चढत होती. त्यातलं ७४० क्रमांकाचं पुढे इंग्लंडमध्ये गेलं आणि तिथल्या संग्राहकांनी त्याचे भरपूर फोटो काढलेत, अगदी खालून सुद्धा. चाकांच्या आतल्या बाजूचा संदर्भ हवा असेल तर तेच शोधा. स्टेशनासमोर रंगरंगोटी करून ठेवलेल्या इंजिनांच्या फोटोंत खालचा भाग बहुतेक वेळा सावलीत किंवा कठड्यामागे जातो.

माथेरानच्या मार्गाचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी १८९७ ला बार्शी लाइट रेल्वे सुरू केली तेच. बार्शीच्या किटसन कंपनीच्या इंजिनांना आठ जोडचाकं आणि मागे चार आधारचाकं होती. तिथे प्रत्येक आसावरचा भार ५ टनांत ठेवायचा होता, म्हणून चाकं वाढली. हे मॉडेल करायला घेतलंत तर वरचाच विचार करा: फ्रेमची दिशा कुठले आस ठरवतात, आणि कुठल्यांना सरकायची मुभा आहे. आधारचाकांची बोगी वेगळ्या एम्प्टीवर जाणार हे उघड आहे.

रूळच वाकडे असतील तर

गाडी बरोबर बांधली आणि तरी एका विशिष्ट ठिकाणी ती हिसका देते. मग वळण बघा. बेझियर कर्व्हचे हँडल मनाला येतील तसे ओढले की वळण वर्तुळाचं राहत नाही. कुठे त्रिज्या ३० मीटर, कुठे १२. डोळ्याला गुळगुळीत दिसतं, पण बोगीला कळतं. पाव वर्तुळाच्या तुकड्यासाठी हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवा, मग ते जवळपास अचूक वर्तुळ होतं.

तपासायला ट्रॅकवाल्यांचीच पद्धत वापरा. ते रुळाच्या आतल्या कडेला ठराविक लांबीची दोरी ताणून धरतात आणि मध्यावर दोरीपासून रूळ किती लांब आहे ते मोजतात. या अंतराला व्हर्साइन म्हणतात. सूत्र: मिलिमीटरमधली व्हर्साइन म्हणजे १२५ गुणिले मीटरमधल्या जीवेचा वर्ग, भागिले त्रिज्या. ४ मीटरची दोरी आणि २० मीटर त्रिज्या धरली तर बरोबर १०० येतात. ब्लेंडरमध्ये ४ मीटरची एक कड काढा, तिची दोन्ही टोकं रुळावर टेकवत २-२ मीटरनं पुढे न्या आणि दर वेळी मध्याचं माप घ्या. १००, ९८, १०१ असं येत असेल तर वळण चांगलं. १००, १४०, ६० आलं तर हिसका तिथेच आहे. कर्व्हचं रिझोल्यूशनही वाढवून ठेवा. कमी असलं की वळण म्हणजे छोट्या सरळ तुकड्यांची माळ होते आणि बोगी प्रत्येक जोडावर टचकन वळते.

चढत्या वळणावर रूळ कलंडतात त्याचं कारण कर्व्हच्या ट्विस्टची पद्धत. सुरुवातीला ती ‘मिनिमम’ असते आणि डोंगरातल्या वेटोळ्या मार्गावर पीळ साचत जातो. ‘झेड-अप’ करा.

स्लीपर वाकतात म्हणून रात्री जागवणारेही आहेत. २० मीटर त्रिज्येवर सव्वा मीटरच्या स्लीपरचं बाहेरचं टोक जेमतेम ३ टक्के रुंद होतं. त्या वेळात खडी नीट करा.

एक मात्र कधीही करू नका: रूळ उपग्रहाच्या उंचीनकाशावर चिकटवणं. फुकट मिळणाऱ्या उंचीनकाशात दर ३० मीटरला एक आकडा असतो. त्यावर श्रिंकरॅपनं रूळ बसवले की २० ला १ चढाच्या जागी कुठे ५ ला १, कुठे उतार, आणि गाडी उंटावर बसल्यागत डुलते. आधी मार्गाचा चढ ठरवा, मग डोंगर कापा. खऱ्या माणसांनीही तेच केलं होतं. कापताना खडकाची भिंत सरळ रुळावरच्या डब्याच्या मापानं उभी करू नका. वळणावर आतून १६ आणि बाहेरून २४ सेंटिमीटर जादा लागतात. ‘वन किस’ बोगद्यातून डबा भिंतीतून जाताना दिसला तर हेच विसरलं गेलंय.

थरथर

नकाशावरून आणलेल्या मार्गात गाडी थरथरते, चाकं रुळावर नाचतात, आणि हे अगदी जवळून बघताना जास्त दिसतं. कारण ब्लेंडर शिरोबिंदूंचे आकडे ३२ बिटांत साठवतो. यूटीएम या नकाशावरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत नेरळचा उत्तरेकडचा आकडा २१ लाख मीटरच्या वर जातो. इतक्या मोठ्या आकड्यावर ३२ बिटांत दोन शेजारच्या किमतींमधलं अंतर २५ सेंटिमीटर असतं! पूर्वेकडचा आकडा ३ लाख २३ हजारांच्या आसपास, तिथे ही पायरी ३ सेंटिमीटरची. म्हणून थरथर उत्तर-दक्षिण दिशेला जास्त दिसते. हे एक लक्षण ओळखायला पुरेसं आहे.

उपाय आयातीच्या आधीच करायचा. पूर्वेकडच्या सगळ्या आकड्यांतून एक आणि उत्तरेकडच्या सगळ्यांतून दुसरी अशी ठरलेली गोल संख्या वजा करा, म्हणजे नेरळ स्टेशन शून्याजवळ येईल. मग माथेरानपर्यंत सुद्धा पायरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहते. आयात झाल्यावर वस्तू हलवून फायदा नाही, तोवर आकडे गोल होऊन बसलेले असतात. नकाशे आणणारी बरीच ॲड-ऑन हे आपोआप करतात. हातानं बनवलेल्या सीएसव्हीत मात्र विसरायला होतं.

थरथर फक्त व्ह्यूपोर्टमध्ये (कामाच्या खिडकीत) दिसते आणि रेंडरमध्ये (तयार चित्रात) नाही, आणि चाकं नव्हे तर पृष्ठभाग लुकलुकतात, तर ते वेगळं प्रकरण आहे. क्लिप स्टार्ट (दृश्य जिथून दिसायला लागतं ते अंतर) फार लहान आणि क्लिप एंड (जिथे ते संपतं) फार मोठा ठेवलाय. क्लिप स्टार्ट १० सेंटिमीटरवर आणा, थांबेल.

वळणावर चाक अंडाकृती दिसत असेल, तर बोगीच्या एम्प्टीला एका दिशेनं जास्त स्केल दिलेला आहे आणि तो अप्लाय केलेला नाही. फिरलेल्या लेकराला असा वाकडा स्केल मिळाला की आकार तिरका होतो. एम्प्टीचा स्केल नेहमी १ ठेवा.

ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरसाठी मॉडेल पाठवणार असाल तर कन्स्ट्रेंट तिकडे जात नाहीत. तिथे बोगी आणि चाकं भागांच्या ठरलेल्या नावांवरून ओळखली जातात, आणि चाकांची जोडी बोगीच्या पोटात असावी लागते. नाव किंवा वडीलधारा (पॅरेंट) चुकला की सिम्युलेटर डब्याला एकच ताठ वस्तू समजतो आणि वळणावर जुनंच दृश्य परत दिसतं.

सगळं जुळल्यावरही गाडी खेळण्यातली वाटत असेल, तर वेग बघा. या मार्गावर वेग ताशी २० किलोमीटरच्या आतच राहतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ‘अंतर’ दर फ्रेमला २३ सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढता कामा नये. कीफ्रेमचं इंटरपोलेशन आपोआप बेझियर असतं, त्यामुळे गाडी मध्येच वेगात जाते आणि विनाकारण मंदावते. ते लिनियर करा, आणि वॉटर पाइपसारख्या थांब्यावर सुटताना व थांबताना तेवढाच पाच-सात सेकंदांचा उतार-चढाव हातानं द्या.